लाज आठवा, हलू नका

आमच्या धंद्यात फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं आणि किस्सा आमच्याजवळ राहतो. निगेटिव्ह तरी फेकता येतात, किस्से कुठे फेकणार? त्यात मी जबलपूरचा रॉक बँडवाल्यांचा फोटोग्राफर! मित्रांत बसलो की कोणीतरी म्हणतंच, "चलो, सुनाओ." मी सांगतो, सगळे हसतात. माझे मात्र सांगताना अजूनही कान गरम होतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझे बाबा डिफेन्स फॅक्टरीत फिटर होते. मीही तिथेच चिकटावं अशी त्यांची फार इच्छा. मी राइट टाउनात पोर्ट्रेटचा स्टुडिओ टाकला आणि बाबा त्याची पायरी कधी चढले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, फक्त यायचे नाहीत. त्यांना माझी लाज वाटते, हे मी मनाशी पक्कं धरून बसलो होतो.

*

सुरुवातीला हौसेने बोर्ड लावला, 'रॉक पोर्ट्रेट'. गिटारवाली पोरं येतील म्हणून वाट पाहत बसलो. एक दिवस ऑटोतून अख्खं कुटुंब उतरलं, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. गृहस्थ म्हणाले, "भैया, भेड़ाघाट वाला कौन-सा है? नाव के साथ दिखाइए!"

आमच्या गावात रॉक म्हणजे भेडाघाटचे संगमरवरी कडे, लोक होडीतून पाहायला जातात ते, दुसरं काय! मी समजावून सांगितलं की इथे डोंगरांचे नाही, माणसांचे फोटो निघतात, रॉकवाल्या माणसांचे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा! तो आप नाव चलाने वालों के फोटो खींचते हैं!"

पुढच्या महिन्यात मी मुकाट्याने भेडाघाटचे फोटो विकायला ठेवले. खरं सांगू? स्टुडिओ त्या कड्यांनीच तगवला.

*

मग हळूहळू पोरं यायला लागली. कॉलेजची, रेल्वे कॉलनीतली, फॅक्टरी इस्टेटमधली. काळे टी-शर्ट, गळ्यात साखळ्या, आणि कॅमेरा दिसला की सगळे दात बाहेर! लहानपणापासून लग्नाच्या फोटोंत हसत आलेली पोरं ती. जरा रागीट चेहरा करा म्हटलं तर पोट दुखल्यासारखं तोंड करायची.

विकी नावाचा एक गायक होता. त्याचं हसू काही केल्या थांबेना. शेवटी वैतागून मी म्हणालो, "विकी, ज़िंदगी में जिस बात पे सबसे ज़्यादा शर्म आई हो ना, वो सोच. और हिलना मत!"

चेहराच बदलला! मान किंचित खाली, डोळे जड, ओठ घट्ट मिटलेले. फोटो पाहून त्याचे दोस्त म्हणाले, "क्या बग़ावत है यार!" मी विकीला हळूच विचारलं, काय आठवलंस रे? तो म्हणाला, "भैया... कुंडम."

*

कुंडम गावाला मीही होतो, म्हणून मला पुढचं विचारायची गरज पडली नाही.

तिथल्या एका लग्नघरून 'बँड पाहिजे' असं बोलावणं आलं होतं. पोरं खूश! मी कॅमेरा घेऊन सोबत गेलो. पोचलो तर नवरदेव घोड्यावर चढलेला आणि त्याचे वडील विचारताहेत, "बाजा किधर है? वर्दी किधर है?" त्यांना वरातीचा बँड हवा होता!

एवढं आलोय तर वाजवूनच जाऊ म्हणून विकीने वरातीच्या जनरेटरला गिटारचा ॲम्प्लिफायर जोडला. पहिलाच सूर असा निघाला की घोडा नवरदेवासकट शेतात! वडील काठी घेऊन आमच्यावर धावून आले. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "मैं बैंड वाला नहीं हूँ, मैं तो फोटोग्राफर हूँ!"

ते म्हणाले, "तो दौड़ो! दूल्हा उधर गया है!"

*

विकीच्या त्या फोटोपासून मला पद्धतच सापडली. स्टुलावर कोणीही बसो, मी एकच म्हणायचो. लाज आठवा, हलू नका.

फक्त दिलीपच्या बाबतीत ती चालेना. दिलीप बास गिटार वाजवायचा आणि सरकारी ऑफिसात नोकरी करायचा. ऑफिसमुळे केस बारीक, म्हणून फोटोसाठी बहिणीचं गंगावन आणून डोक्यावर रुमालाखाली बांधलेलं. पण चेहरा कोराच. "दादा, लाज वाटावी असं काही आठवूनच नाही राहिलं!"

निदान केस तरी उडू देत म्हणून मी टेबल फॅन फुल केला. गंगावन सुटलं, स्टुडिओतल्या मधल्या पडद्यावरून पलीकडे गेलं आणि पासपोर्ट फोटोसाठी बसलेल्या एका साहेबांच्या मांडीवर पडलं. पडदा सरकला. साहेब दिलीपच्याच ऑफिसचे!

"दिलीपजी, आपको तो टायफाइड हुआ था ना?"

मी तेवढ्यात बटण दाबलं. तसा चेहरा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

*

आता जरा घरचा किस्सा. पाटनहून मला मुलगी सांगून आली. मराठी मंडळी, धान्याचा व्यापार. मी नवा शर्ट घालून समोर बसलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "फॅक्टरीत आहे."

नशीब असं की मुलीचा मामा खरोखर फॅक्टरीत! त्याला आनंद झाला. "अच्छा? कोणत्या सेक्शनले?"

बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोटो सेक्शनले."

मामा म्हणाला, "काहून बावा, आमच्या फॅक्टरीत तर फोटो काढाले मनाई आहे!"

मित्र इथे लोळून हसतात. मीही हसतो. सोयरीक तिथेच मोडली, त्याचं मला काही वाटलं नाही. बाबांनी माझ्यादेखत मला दुसराच कोणी करून टाकलं, ते मात्र आत जाऊन बसलं. घरी येताना बसमध्ये आम्ही दोघं दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर पाहत होतो. त्या गोष्टीचं नाव पुढे घरात कोणी काढलं नाही.

*

बाबा रिटायर झाले. त्यानंतर एका दुपारी स्टुडिओचं दार ढकलून आत आले. सेंड-ऑफचा कोट, केसांना तेल, हातात रुमाल. भिंतीवरचे विकी, दिलीप, सगळे नीट पाहिले. मग स्टुलावर बसले.

मी विचारलं, "पेन्शनसाठी पाहिजे का बाबा?"

"नाही. या पोरायचे काढतो ना, तसा काढ."

मी लाइट लावले. कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटली ती आठवा. आणि हलू नका."

बोललो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काय आठवणार हे मला ठाऊक होतं. ते कॅमेऱ्यामागेच उभं होतं.

बाबांची मान किंचित खाली गेली. डोळे जड झाले. ओठ घट्ट मिटले.

मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता विचारलं, "आठवलं?"

"हो," बाबा म्हणाले. "पाटनवाले. तू समोर बसला होता अन् मी म्हटलं, फॅक्टरीत आहे."

माझं बोट बटणावर होतं. समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं. लेन्स फिरवून पाहिली, तरी तसंच.

"काढ ना," बाबा म्हणाले. "काहून थांबून राहिला? मी हलून नाही राहिलो."