मेळ्यातल्या फळ्या कोणी नेल्या?

मागच्या मेळ्यात मंचाच्या उताराच्या फळ्या कोणीतरी उचलून नेल्या, हे मी सकाळपासून ओरडून सांगत होते. एकानंही मानलं नाही! ‘अनसूयाबाईले सगळीकडे चोरच दिसतात,’ म्हणून हसले वरून.

दिसतात तर दिसतात. आमच्या गावच्या संगीत मेळ्याच्या कमिटीत तुम्ही एक वर्ष बसून पाहा, तुम्हालाही दिसतील. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, म्हणजे आमची जत्राच, आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी हा मेळा. दंडारीचा नाच, खडीगंमतीची सोंगं, भजनं, सगळं दिवसाउजेडी. दरवर्षी एकदोन किस्से होतात आणि फुटक्या डब्यांसारखे घरात साठतात. वापरता येत नाहीत, फेकवतही नाहीत. आज थोडे बाहेर काढते.

अध्यक्ष आमचे पुंडलिकराव. धानाचे व्यापारी. मागे एकदा त्यांनी मेळ्याला मोठा बॅनर लावला, ‘मेळा सगळ्यांचा!’ आंधळा, बहिरा, लंगडा, म्हातारा, सगळ्यांनी या म्हणे. तेव्हाच मला शंका आली. बोलावणं एवढं मोठं असलं की वाढताना हात आखडतो.

*

आता दुर्गाचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येतं. दुर्गा माझ्या शेजारची. लहानपणापासून पायात बळ नाही, हातानं चालवायच्या तीनचाकी गाडीवर फिरते. पण गळा! धानाचा रोवणा सुरू असला की ती बांधावर गाडी लावून गाणं म्हणते, आणि चिखलातल्या बायकांचे हात आपोआप पळतात. पाहुणे म्हणून आलेल्या बायकाही विचारतात, ‘कोण व ही?’

तिला एकदा मेळ्यात माइकवर गायचं होतं. एवढंच. घराच्या दगडी पायऱ्या उतरायला तिला दोन माणसं लागतात, एक गाडीला आणि एक तिला. मंचाला तर त्याहून उंच पायऱ्या. म्हणून मी कमिटीत भांडून सुताराकडून रुंद फळ्यांचा उतार करून घेतला.

मेळ्याच्या सकाळी पाहते, तर त्या फळ्यांवर ही मोठी रांगोळी! दोन्ही बाजूंना झेंडूच्या कुंड्या. दुर्गाची गाडी खाली उभी.

‘काकू, पाय नका देऊ! पाहुणे येऊन राहिले, रांगोळी पुसते!’ पोरी ओरडल्या.

‘मग उतार कायले केला? ओवाळायले?’

मी पदर खोचला आणि पायानंच रांगोळी फिस्कटली. लाल-पिवळा रंग फळ्यांच्या भेगांत असा जाऊन बसला की नंतर कितीही घासलं तरी निघाला नाही.

दुर्गा वर गेली. पुंडलिकरावांनी शाल घातली, फोटो काढला आणि माइक हातात घेऊन म्हणाले, ‘वेळ कमी आहे, पुढचा कार्यक्रम!’ न गाताच गाडी परत खाली!

*

समोरचा सोफा ‘दिव्यांगांसाठी राखीव’ होता. त्यावर चार धडधाकट पुढारी पाय पसरून बसलेले.

मी पहिल्यालाच विचारलं, ‘भाऊ, तुमचा कोणता पाय गेला?’

‘गुडघा दुखते बाई.’

दुसरा न विचारताच बोलला, ‘मले बीपी आहे.’

तिसऱ्यानं डोळे मिटले. त्याचं काय दुखत होतं देव जाणे. मग माइकवर जेवणाची हाक झाली, आणि मंडपात सगळ्यात आधी पोहोचला कोण? गुडघा!

*

पुढच्या वर्षी भंडाऱ्याहून एक पोरगी आली. ऐकू न येणाऱ्यांना हातांच्या खुणांनी गाणं समजावून सांगायची. आमच्या गावात सोमाजी आणि त्याची बायको, दोघांनाही ऐकू येत नाही. ती दोघं बिचारी सकाळपासून चटई टाकून बसलेली. आणि साउंडवाल्या बबलूनं पोरीला उभं कुठं केलं? भल्या मोठ्या बॉक्सच्या मागे!

‘काहून गा, तिथं कोणाले दिसन ते?’

‘अध्यक्षांनी सांगतलं, फोटोत मधात येते म्हणून.’

मी तिला हाताला धरून पुढे आणलं. तिचे हात चालू झाले आणि लोक गाणं सोडून तिच्याकडेच पाहू लागले. आमच्याकडे दंडारीत नाचणाऱ्यावर खूश झाले की लोक बक्षीस देतात आणि ते नावासकट माइकवर सांगावं लागतं. एक आजोबा उठले, तिच्या हातात नोट ठेवली. बबलूनं रिवाजाप्रमाणे पुकारा केला, ‘ताईच्या हाताच्या नाचावर खूश होऊन आजोबांकडून बक्षीस!’

पोरगी प्रामाणिक. तिनं तेही खुणा करून सांगितलं. सोमाजी आणि त्याची बायको एवढे हसले, एवढे हसले, की बायकोनंही कनवटीची नोट काढली!

त्या वर्षीही दुर्गाला शाल, फोटो आणि ‘वेळ कमी आहे’. आता मला खात्री पटत चालली होती. वेळ काही आपल्या पायानं कमी होत नाही.

*

एकदा तर मेळ्याच्या आदल्या दिवशी मंच बांधून झाला, आणि दुपारी पाहते तर उतारावर धान वाळत घातलेलं! कोंबड्या चढून-उतरून राहिल्या. माणसांआधी कोंबड्यांचा सत्कार!

‘हे कोणाचं धान?’

‘माझंच,’ पुंडलिकराव म्हणाले. ‘इथं ऊन चांगलं लागते. तुमची दुर्गा तं उद्या चढणार आहे ना?’

‘अन् उद्या ढग आले तं?’

‘तं मग परवा चढन!’

सगळी कमिटी हसली. मी हसले नाही. ध्यानात ठेवलं.

*

आणि मागच्या मेळ्याच्या सकाळी फळ्याच गायब! आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्यांच्यावर उभी राहून पाहिलं होतं, हलतात का म्हणून.

‘फळ्या चोरीले गेल्या!’ मी म्हटलं.

‘बाई, यंदा लावल्याच नव्हत्या,’ बबलू म्हणाला.

‘लावल्या होत्या. मी पाह्यल्या.’

‘मागच्या वर्षीच्या आठवत असतीन.’

मी काय म्हातारी झाले? स्वयंपाकाच्या चुली पाहिल्या, जाळल्या की काय म्हणून. मंडपवाल्याच्या गाडीत वाकून पाहिलं. पुंडलिकरावांच्या अंगणात तर दोनदा चक्कर मारली. तिथं धानाची पोती तेवढी.

पुंडलिकराव खुशीत. ‘असू द्या, यंदा सत्कार खालीच करू. नाही तं चार जण उचलून वर नेऊ.’

चार जण खरंच पुढे सरसावले. दुर्गानं गाडीचा ब्रेक ओढला.

‘मी काय पालखी आहे? हात लावला त्याचं बोट चावीन.’

सगळे जागच्या जागी.

‘मी वर जाऊ शकत नाही ना? मग माइक खाली आणा,’ ती म्हणाली.

‘वायर नाही पुरणार,’ पुंडलिकराव वरून ओरडले.

‘पुरते,’ बबलूच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली. पण मी तोवर माइक काढूनही आणला होता!

दुर्गा गायली. रोवण्याचं गाणं. एक झालं, लोकांनी दुसरं मागितलं. मागचे पुढे आले, सोफ्यावरचे उठून वळले, म्हाताऱ्यांनी चटया ओढून तिच्याभोवती टाकल्या. ती खुणावाली पोरगीही खाली उतरून तिच्याजवळ उभी राहिली. सगळ्या गावाची पाठ मंचाकडे. आणि मंचावर एकटे पुंडलिकराव, हातात घडी केलेली शाल!

वेळ कमी आहे, असं त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी दुर्गाकडे गेले. दारापाशी थांबले ती थांबलेच.

तिच्या दगडी पायऱ्यांवर फळ्या टाकलेल्या. रुंद. भेगांत लाल-पिवळा रंग.

दुर्गा घरातून गाडी घेऊन आली आणि कोणाला हाक न मारता घर्रकन अंगणात उतरली. माझ्यापाशी येऊन थांबली.

‘काय व मावशी, अशी काहून पाहून राहिली? चहा घेतेस?’

‘घेते,’ मी म्हटलं.

चहात आलं चांगलं होतं.

*

मग यंदाच्या मेळ्याची मीटिंग. दुर्गा पहिल्यांदाच कमिटीत, दाराजवळ गाडीवर बसलेली. पुंडलिकरावांना भर मीटिंगमध्ये माझी मजा घ्यायची होती.

‘अनसूयाबाई, मागच्या मेळ्यात तुम्ही ‘चोरी, चोरी’ ओरडून राहिल्या होत्या. चौथी शिकलेल्या तुम्ही, पण पोलिसापेक्षा हुशार! मग सांगा ना आज, फळ्या कोणी नेल्या? सगळ्यांसमोर नाव घ्या!’

‘घ्या, घ्या!’ सगळे ओरडले.

दुर्गा गाडीचं चाक पुसू लागली. अगदी मन लावून.

मी उठले. पदर सावरला. उतारावरचं चांगलं ऊन कोणाच्या धानाला लागत होतं, ते आधी विचारलं. सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या. मग मी बोट केलं आणि नाव घेतलं. इतकी वर्षं माझं काही न मानणाऱ्या त्या कमिटीत त्या दिवशी ‘पुरावा काय?’ असं एकानंही विचारलं नाही. ‘मले वाटलंच होतं!’ म्हणून बबलूनं मांडीवर थापही मारली.

नाव होतं, पुंडलिकराव.