कालूदाच्या नावाचं फूल

आधी अंगण पाहून घ्या. डावीकडे विहीर, तिच्या काठावर पालथी घातलेली तांब्याची घागर. उजवीकडे तुतीचं झाड, त्याच्या खालची जमीन पडलेल्या फळांनी काळीजांभळी झालेली. मधोमध लांब बाक आणि बाकावर पाल्याफुलांचे ढीग: कडू दवणा, पुदिना, पांढऱ्या फुलांचा बाबुना, चुरगाळली की बोटं तांबडी करणारी पिवळी फुलं. मागे घराची पायरी. उतरतं ऊन नेमकं जिथे पडतं तिथे, त्या पायरीवर, कालूदा बसलेली. काळा रुमाल, काळा झगा, मांडीवर लाल दोऱ्याचं रीळ. यासेना गावातल्या बायका एकेक करून फाटकातून आत येताहेत. जून महिना; आज संत एन्योच्या दिवसाची आदली संध्याकाळ.

उद्या सूर्य माघारी वळणार. एन्यो अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट चढवून हिवाळा आणायला निघणार, आणि निघताना डोंगरातल्या पानापानात औषध सोडून जाणार. त्याच्या आधी तोडलेला पाला म्हणजे नुसता चारा. म्हणून कालूदा एन्योच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत अनवाणी डोंगर चढायची आणि साडेसत्त्याहत्तर वनस्पती घेऊन उतरायची. सत्त्याहत्तर आजारांना सत्त्याहत्तर, आणि ज्या आजाराला नाव नाही त्याला उरलेली अर्धी. अर्धी कोणती, हे ती कुणाला सांगत नसे. गावातला पाद्री दर वर्षी या दिवशी तोंड वाकडं करायचा आणि दर वर्षी पोटदुखीसाठी तिच्याकडूनच दवणा न्यायचा.

पण कालूदाचा खरा मान जुड्यांचा होता. गावातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक जुडी. त्याला आदल्या दिवशीचा साधा पाला चालायचा, सगळ्यांना सारखाच; मधोमध मात्र एक फूल ज्याचं त्याचं. त्याला म्हणायचे नावाचं फूल. जुड्या रात्रभर उघड्यावर, कुंपणावर टांगायच्या. सकाळी ज्याचं फूल ताजं, त्याचं वर्ष चांगलं. ज्याच्या फुलानं मान टाकली, तो पुढचा एन्यो पाहत नाही.

फूल निवडायची कालूदा. "मी कोण निवडणार," असं मात्र ती म्हणायची. "हात आपोआप जातो."

हात आपोआप जात नव्हता. बाबुना दोन दिवस टिकतो, पिवळी फुलं चार दिवस. गव्हात उगवते ती तांबडी रानखसखस तोडल्यापासून तासाभरात लोळते. कालूदाला हे कळलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि तिला वाटलं, जगात हे आपल्या एकटीलाच ठाऊक आहे. पन्नास वर्षं तिनं ते जपलं. खूप म्हाताऱ्यांना, ज्यांचा श्वास घरघरायला लागला होता त्यांना, ती रानखसखस द्यायची. माणसं जायचीही. गाव म्हणायचं, बाईचा हात खरा.

एकदाच तिनं ते फूल धडधाकट माणसाला दिलं. दहा वर्षांपूर्वी तिच्या मुलाचं, दिन्कोचं, मिल्कानाशी ठरलं होतं. मिल्काना उंच, मोठ्यानं हसणारी, उलट बोलणारी. बाप दारूडा. त्याच सुमारास पाणचक्कीवाल्यानं आपल्या लेकीसाठी, झाफिरासाठी, निरोप धाडला. त्या वर्षी एन्योच्या सकाळी मिल्कानाच्या जुडीत तांबड्या पाकळ्यांचा चोळामोळा झालेला होता. मरणाऱ्या मुलीशी लग्न कोण करतं? शरद ऋतूत दिन्कोनं झाफिराला घरी आणलं. मिल्काना काही मेली नाही. कालूदानं गावाला समजावलं की पोरीच्या वाट्याचं मरण तिच्या बापानं घेतलं. तो खरोखरच त्या वर्षी नाल्यात पडून गेला होता. पण फुलानं एकदा नाव घेतलेल्या मुलीला पुन्हा कुणी मागणी घातली नाही. आता ती लोकांचे कपडे धुवायची.

तर, पायरीवर कालूदा बसलेली. वय एकाहत्तर. बोटांचे सांधे अक्रोडासारखे सुजलेले. दोरा बांधता येईना म्हणून यंदा प्रथमच जुड्या बांधायला झाफिरा बसली होती. वसंतात आणखी एक गडबड झाली होती. शेजारच्या किर्याकीच्या नातवाला खोकल्याचा पाला देण्याऐवजी कालूदानं जुलाबाचा दिला. पोरगा दोन दिवस झुडपामागून बाहेर आला नाही. गाव खूप हसलं. कालूदा हसली नाही. म्हणाली, पिशवी कुणीतरी हलवली.

"ढिली नको बांधूस," ती झाफिराला म्हणाली. "ही काय मक्याची कणसं आहेत?"

"नाही हो आई. बघा, घट्ट आहे."

"किर्याकीला बाबुना घाल. दिन्कोला पिवळं."

"आणि तुम्हाला?"

"मला काय विचारतेस? हात जाईल तिकडे जाईल."

सकाळी अख्खं गाव कुंपणापाशी उभं होतं. सगळ्या जुड्या ताज्या. एक सोडून. कालूदाच्या जुडीतून एक तांबडं फूल ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं.

झाफिरा तोंडावर रुमाल घेऊन रडायला लागली. मूर्ख पोर, कालूदाच्या मनात आलं. सुंदर दिसलं म्हणून घातलं असणार. तिनं तोंड उघडलं. खसखस आहे ती, खसखस सगळ्यांचीच सुकते, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात गर्दीत, कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेतलेली मिल्काना दिसली. कालूदानं तोंड मिटलं.

मग सुरू झाला प्रेमाचा पूर.

त्याच दुपारी दिन्कोनं तिची खाट आतल्या खोलीतून काढून दाराजवळ मांडली. "इथे हवा चांगली लागते, आई," तो म्हणाला. दारातून शवपेटी बाहेर काढायला सोपं जातं, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मरणाऱ्याच्या हातचं औषध लागत नाही म्हणून लोकांनी झाफिराकडे हात पसरले. औषधी पाल्याचे वाफे झाफिराकडे गेले, पिशव्या झाफिराकडे गेल्या. कफनाचा झगा विणून झाला आणि उंची बरोबर आहे का पाहायला तिच्या अंगाला लावून पाहिला.

"दंडात जरा सैल आहे," कालूदा म्हणाली.

"तोवर तुम्ही भराल की थोड्या," झाफिरा म्हणाली, आणि मग जीभ चावली.

किर्याकी क्षमा मागायला आली. वय जवळपास सारखंच, चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. "तुझी ठिपक्यांची कोंबडी मीच खाल्ली होती," ती म्हणाली. "कोल्ह्यानं नाही."

"ठाऊक होतं मला. पिसं तुझ्या उशीत होती."

"मग माफ कर."

"केलं."

"तसं नाही, मोठ्यानं म्हण. नाहीतर वरून येऊन त्रास देशील."

कालूदा मोठ्यानं म्हणाली. तिला काहीही झालेलं नव्हतं. भूक चांगली लागत होती, झोप लागत होती. ताटात मात्र दर दिवशी थोडं कमी पडू लागलं. कुणी मुद्दाम करत नव्हतं. जाणाऱ्या माणसाला जड जाऊ नये म्हणून.

श्राद्धाच्या जेवणासाठी दिन्कोनं एक डुक्कर पोसायला घेतलं. अक्रोड पडले, मका निघाला, म्हातारी तशीच. डुक्कर इतकं माजलं की त्याला उठता येईना. शेवटी नाताळात कापावंच लागलं. कालूदानं त्यातल्या दोन फोडी खाल्ल्या आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं तिच्या चावण्याकडे पाहत राहिली.

"मऊ आहे," ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच होतं," नात म्हणाली. तिला कुणी चिमटा काढला ते दिसलं नाही.

जानेवारीत कालूदाला खोकला झाला. तेव्हा घरात जरा उत्साह आला. झाफिरानं मेणबत्त्या आणून ठेवल्या. कालूदानं पहाटे उठून स्वतःच सुका पाला शोधला, उकळून प्यायली आणि चौथ्या दिवशी बरी झाली. मेणबत्त्या पुन्हा फडताळात गेल्या.

दाराजवळच्या खाटेवर पडल्यापडल्या ती एकच हिशेब करायची. चार शब्द बोलले की सगळं परत मिळतं: वाफे, पिशव्या, पायरीवरची जागा, पोटभर ताट. पण त्या चार शब्दांबरोबर मिल्कानाची गोष्टही बाहेर येते. मग दिन्को कुणाचा नवरा ठरतो? झाफिरा या घरात कुठल्या हक्कानं राहते? पन्नास वर्षं ज्यांना ज्यांना फूल दिलं त्यांची लेकरं दारात येऊन काय विचारतील? आणि नाही बोललं, तर एन्योच्या आत मरावं लागतं. न मरता एन्यो उजाडला, तर जुडी खोटी पडते आणि आपणही तिच्याबरोबर खोटे पडतो.

मार्चमध्ये वर्षभराच्या आरोग्यासाठीचा तांबडापांढरा दोरा सगळ्यांच्या मनगटावर बांधला गेला. तिच्या नाही. मे महिन्यात रोग लागू नये म्हणून दवात लोळायला गावातल्या बायका कुरणावर गेल्या, तेव्हा तिला कुणी उठवलं नाही. दिन्को मात्र एकदा खाटेशी येऊन उभा राहिला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "आई, मे आला."

"दिसतंय मला."

"नाही, म्हटलं तुला सांगावं."

आणि पुन्हा ती संध्याकाळ आली. तेच अंगण, विहीर, तुती, बाक, ढीग. पायरीवर झाफिरा, मांडीवर लाल दोरा. बाकाभोवती बायका पाला निवडत बसलेल्या. मिल्काना विहिरीपाशी धुतलेली चादर पिळत होती. दिन्को तुतीखाली विळ्याला धार लावत होता. कालूदा खाटेवरून उठली, भिंतीला धरून बाहेर आली आणि बाकाच्या टोकाशी उभी राहिली. वर्षभरात ती निम्मी झाली होती, पण आवाज जागच्या जागी होता.

"ऐका सगळ्या. माझी जुडी खोटी होती. रानखसखस कुणाच्याही नावानं घातली तरी सुकते. मी हे पहिल्यापासून जाणते." तिनं विहिरीकडे पाहिलं. "मिल्कानाच्या जुडीत ती मी मुद्दाम घातली. मला ती सून नको होती."

एवढं बोलून ती थांबली. आता आरडाओरडा होईल, कुणी दगड उचलेल, मिल्काना अंगावर येईल, या सगळ्याची तिनं तयारी केली होती.

किर्याकीनं दवण्याची काडी मोडली. "बरं," ती म्हणाली.

"बरं काय? ऐकू आलं का तुला?"

"अगं कालूदा, गव्हात खसखस तोडली की पोर बांधावर पोचायच्या आत ती मान टाकते. हे सांगायला एवढी उठून कशाला आलीस?"

कालूदानं सगळ्यांची तोंडं पाहिली. कुणाच्याही तोंडावर नवल नव्हतं. एक बाई तर जांभई देत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे, आजी," मिल्काना म्हणाली. चादर पिळणं तिनं थांबवलं नाही. "मला त्या दिवशी सकाळीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? माझा बाप भर बाजारात झोपायचा. त्याची सोयरीक नको हे तोंडावर कोण सांगणार होतं? सगळे वाट बघत होते. तुमच्या फुलानं सांगितलं, तर कुणाचं नाव आलं नाही. बरं पडलं सगळ्यांना."

"दिन्कोला माहीत नव्हतं," कालूदा म्हणाली. "माझ्या लेकाला नव्हतं माहीत."

धारेचा आवाज थांबला. दिन्कोनं मान वर केली नाही. "आई," तो म्हणाला, "तिकडे पाणचक्की होती." आणि पुन्हा दगड विळ्यावर फिरवू लागला. मिल्कानानं चादर दोरीवर टाकली आणि तिची सुरकुती न सुरकुती हातानं काढली.

कालूदा बाकावर बसली. बसायला कुणी जागा दिली नव्हती. तिनं पाल्याच्या ढिगावरच बसकण मारली. मग तिनं झाफिराकडे पाहिलं.

"तू रडत होतीस."

"रडू आलंच की, आई. तुमच्याबद्दल माया नाही का मला?"

"मग का घातलंस?"

झाफिरानं दोरा दातानं तोडला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कढ नव्हता; दुधाला विरजण कसं लावलं हे सांगावं तसं ती सांगत होती. "तुमचे हात चालेनात. पिशव्या ओळखू येईनात. किर्याकीमावशींचा नातू वाचला, पुढचा वाचला नसता. तुम्ही तर दुसऱ्या कुणाला वाफ्यात पाय ठेवू देत नव्हतात. लोक मला येऊन म्हणायचे, काहीतरी कर. तुमच्या तोंडावर कोण सांगणार?"

"तरी आम्हाला वाटलं होतं, वर्षात आपसूक जाशील," किर्याकी म्हणाली. "बाकीचे म्हातारे सगळे गेले की गं. तू एकटीच चिवट निघालीस."

एकदोघी हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं; लग्नघरी म्हाताऱ्या बाईला नाचायला ओढताना हसतात, तसं ते होतं. ऊन पायरीवरून उतरून बाकापर्यंत आलं होतं. जुड्या जवळजवळ सगळ्या बांधून झाल्या होत्या. झाफिरानं शेवटच्या जुडीचा पाला जुळवला, मधोमध बोटानं जागा केली आणि सासूकडे वळली.

"यंदा तुमच्या नावाचं कोणतं घालू, आई? आता तुम्हीच सांगा."

कालूदा यानंतर अक्रोड गळेपर्यंत जगली. दिलेलं खायची, हाक मारली की मान हलवायची, दारातून डोंगराकडे बघत बसायची. पण त्या संध्याकाळनंतर ती कुणाशी एक अक्षर बोलली नाही. मुलाशी नाही, नातीशी नाही, शेवटचं पवित्र तेल लावायला आलेल्या पाद्र्याशीही नाही. त्यामुळे ती शेवटचं जे काही बोलली ते हेच, झाफिराला, पाल्याच्या ढिगावर बसून, अगदी हळू:

"खसखसच घाल. पण तोडल्याबरोबर देठाचं टोक विस्तवावर धर, काळं होईस्तोवर. मग ती सुकत नाही."