रिठ्याच्या पाण्यातली गिनी

तारे गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिठाच्या गिरणीवर उभा होतो. फोन त्याच्या मुलीचा होता. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी दळण घेतलं, घरी येऊन डबा जागेवर ठेवला आणि मग मिसरोदला त्याच्या घरी निघालो. रडू आलं नाही. रोज भेटणारा माणूस गेला हे मनाला जरा उशिरानंच कळतं, तसं काहीतरी झालं असावं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आता लिहायला बसलोय तर मला तारेपेक्षा त्याचे पांढरे सुती हातमोजेच जास्त आठवताहेत.

रमाकांत तारे मूळचा इंदूरचा, मी नागपूरचा. भोपाळच्या सरकारी कारखान्यात आम्ही एकदमच लागलो आणि टाउनशिपमध्ये आमचे क्वार्टर भिंतीला भिंत लागून होते. तो तपासणी विभागात होता. तयार मालावर ओरखडा शोधणं हे त्याचं काम आणि दुर्दैवानं तोच त्याचा स्वभावही. आमच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा अभिनंदन करायच्या आधी त्यानं दाराखालचा पोचा दाखवला होता. दिवाळीआधी बोनस झाला की सगळी टाउनशिप सराफ्यात जायची. बायका पाटल्या, कानातले बघायच्या. तारे मात्र नाणं घ्यायचा. "अरे यार, दागिन्याची घडाई पाण्यात जाते, आणि मोडायला गेलं की सोनार वर घट धरतो. नाणं म्हणजे निखळ सोनं," हे भाषण मी दर वर्षी ऐकलं. सुधावहिनी, म्हणजे त्याची बायको, हे ऐकताना स्वतःच्या मोकळ्या मनगटांकडे बघायच्या. मला त्याचा राग यायचा, पण दुसऱ्याच्या संसारात आपण काय बोलणार!

मग एका वर्षी त्यानं कमालच केली. साठवलेली सगळी नाणी इंदूरच्या एका नाणेसंग्राहकाला देऊन त्याच्याकडून एकच जुनी इंग्रजी गिनी आणली. मी म्हटलं, "तारे, डोकं फिरलं काय तुझं?" त्यानं हातमोजे चढवले, गिनी कडेनं धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. हे साल फार कमी मिळतं, म्हणाला. टाकसाळीतून निघाली तशीच आहे, कुणी वापरलेली नाही, कुणी पुसलेली नाही. अक्षरांच्या कडेला एक तांबूस डाग होता, त्याच्यावर तर तो फिदाच होता. तो डाग म्हणजे हिला कुणी हात लावला नसल्याची खूण, आणि शौकीन माणूस सोन्याच्या कितीतरी पट मोजतो ते त्या खुणेचेच. त्यामागे हिशोब होता. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागणार. वहिनींनी क्वार्टरच्या मागे लिंबू, मोगरा, कढीपत्ता असं काय काय लावलेलं. पुढच्या घरालाही अंगण हवं एवढा एकच त्यांचा हट्ट होता. अवधपुरीत तसं एक घर तारेनं हेरून ठेवलं होतं. फंडाच्या पैशात भिंती येत होत्या, अंगण गिनीतून यायचं होतं.

रिटायरमेंटच्या आधीच्या धनत्रयोदशीला मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. दर वर्षी गिनी डबीतच ठेवून पूजा व्हायची, त्या वर्षी ती तबकात उघडी होती आणि नव्या दागिन्यासारखी चमकत होती. वहिनी खुशीत होत्या. "भाऊजी, बघा ना, किती मळली होती बिचारी! रिठ्याच्या पाण्यात घातली तरी तो लाल डाग काही निघेना. मग चिमूटभर रांगोळी घेतली आणि ब्रशनं घासली. एकदम साफ!" आपल्या घरांमध्ये देवापुढे मळकं काही ठेवत नाहीत, त्यांचं काय चुकलं? मी तारेकडे बघितलं. त्यानं हातमोजे घातले, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. मग भिंग ठेवलं, हातमोजे काढले, त्यांची नीट घडी केली... आणि म्हणाला, "छान निघाली गं. चल, धणे-गूळ दे आम्हाला."

पुढे गिनी विकायला इंदूरला त्याच्यासोबत मीच गेलो होतो. संग्राहकानं गिनी एकदाच तिरपी धरून बघितली. "साहब, अब ये सोना है, सिक्का नहीं रहा." परतीच्या बसमध्ये तारेनं मला एकच बजावलं, "सुधाला बोलू नकोस." त्यानं वहिनींना सांगितलं की शौकिनांचा बाजार बसलाय. अवधपुरीचं घर दुसऱ्या कुणी घेतलं आणि हे दोघं मिसरोदला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मला हे मुळीच पटलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंवरचे ओरखडे मोठ्यानं दाखवणारा माणूस स्वतःच्या एवढ्या मोठ्या नुकसानीवर गप्प बसला, आणि मलाही गप्प बसवलं. पुढे दर धनत्रयोदशीला तो स्वतः वाटीत रिठे भिजत घालायचा आणि वहिनी गिनी घासायच्या. एवढं नाटक कशाला, असं मला वाटायचं.

परवा धनत्रयोदशीला गेलो तेव्हा वहिनींनी डबी माझ्यापुढे ठेवली. "यंदा आमच्याकडे सण नाही. मुलगी म्हणते, सोन्याचा भाव चढलाय, ही गिनी एखाद्या शौकिनाला दाखव. तुम्ही येता का माझ्यासोबत?" तो शौकीन एका नजरेत सांगेल, आणि आपलं अंगण आपल्याच हातानं गेलं हे यांना या वयात, अशा वेळी कळेल. मी काहीबाही बोललो. बाजार पडलाय, घाई नको...

"भाऊजी, राहू द्या," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मी पण काही बुद्धू नाही. त्या दिवसानंतर त्यांनी हिला कधी हातमोजे घालून धरलं नाही. मला तेव्हाच कळलं."

"मग दर वर्षी घासत का होतात?"

"ते रिठे भिजवायचे ना! मी नाही म्हटलं असतं तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मुलीला सांगून टाकते, विकायची नाही. तुम्हाला पण माहीत आहे का, एवढंच बघायचं होतं."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत गेलो. तिथे मात्र मला रडू आलं. ओट्यावर पाण्याची एक वाटी होती आणि तिच्यात दोन रिठे भिजत घातलेले होते.