दुसऱ्या माळेच्या आधीची टेप

साधना आमच्या सहकारी संघात कॉम्प्युटर बघते. मखमलाबाद, मुंगसरा, आडगाव या बाजूचे मळेवाले फुलं आणि भाजीपाला संघात आणून घालतात. कोणाचा माल किती आला, सभासद कोण, वारस कोण, हे सगळं तिच्या खोलीतल्या सर्व्हरवर असतं. मी गोदामात होतो. आता निवृत्त आहे, मालाच्या प्लास्टिक जाळ्यांचा हिशेब लागेना झाला की बोलावतात तेव्हा जातो. तिच्याविषयी लिहावं इतका मी तिच्या जवळचा नाही. पण त्या दिवसांत मी तिथे होतो, आणि दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

तिने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. मखमलाबादला मळ्यात आई आणि भाऊ राजू यांच्याबरोबर ती राहायची. आई नवसाबाई स्वतः संघाची सभासद. झेंडू घालायची. साधनाला कॉम्प्युटरमध्ये काही तपासून बघायचं झालं की ती आईचंच खातं उघडायची, कारण आईने कधी काय घातलं ते तिला पाठ असायचं.

रोज संध्याकाळी सर्व्हरवरच्या सगळ्याची नक्कल टेपवर घ्यायची, ही तिची पद्धत. टेप म्हणजे तळहातावर मावेल अशी चौकोनी डबी, आत फीत. ती मशीनच्या फटीत सरकवायची. सकाळी आल्यावर नक्कल नीट उतरली का त्याचा रिपोर्ट वाचायचा, मगच चहा. रोजच्या टेपा आलटूनपालटून त्याच, जुन्या नकलेवर नवी चढायची. शनिवारची टेप ती डब्याच्या पिशवीतून घरी न्यायची आणि कपाटात आईच्या लुगड्यांमध्ये ठेवायची. संघाला आग लागली तरी एक नक्कल बाहेर असावी म्हणून. पुढच्या शनिवारी ती परत आणून दुसरी न्यायची.

खंडेनवमीला संघात वजनकाटे, टेम्पो, सगळ्यांची पूजा होते. सर्व्हरच्या लोखंडी कपाटाची पूजा साधना स्वतः करायची. दाराला बाहेरून हळदकुंकवाचं बोट, मुठीला नवसाबाईने ओवलेली झेंडूची माळ. आत काही नाही.

यंदा दुसऱ्या माळेला नवसाबाई गेली. मळ्यात फुलं खुडतानाच बसली, ती उठली नाही. साधनाला सुतक आलं. योगेश, आमचा मॅनेजर, म्हणाला की टेप बदलायचं आणि खंडेनवमीची पूजा करायचं काम कुंदन करील. कुंदन शिपाई. मनमाडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. बरीच वर्षं रोजंदारीवर होता. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्याला कायम करायचं ठरलं होतं.

तेराव्यानंतर साधना कामावर आली. रडताना तिला कोणी पाहिलं नाही. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायची. रिपोर्ट समोर उघडा असायचा, ती त्याच्याकडे बघत बसायची. नंतर ती मला म्हणाली, "नाना, मी बघत होते, वाचत नव्हते." घरची टेप परत आणायचीही तिला आठवण राहिली नाही. शनिवार आला की नवी टेप काढायची, ती तशीच टेबलाच्या खणात टाकायची.

दिवाळी झाली आणि त्याच आठवड्यात सर्व्हरच्या डिस्क गेल्या. नव्या बसवल्या, त्या कोऱ्या. तिने आदल्या दिवसाची टेप घातली. मशीन थोडा वेळ गुरगुरलं आणि वाचता येत नाही असं पडद्यावर आलं. त्याच्या आधीची घातली. तेच. खणातल्या घातल्या. तेच. मशीनवर नारिंगी दिवा लुकलुकत होता.

"हा दिवा कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"दसऱ्यापासून आहे की, ताई," कुंदन म्हणाला. "मला वाटलं चांगला असंल."

तिने मशीनच्या तोंडावरची झडप बोटाने आत ढकलली, मोबाईलचा उजेड पाडला. मग बोट बाहेर काढून बघितलं. बोट लाल होतं.

कुंदनचा चेहरा उतरला. "ताई, तोंडाला लावायचं असतं ना? आमचे वडील लोको शेडला होते. इंजिनाच्या भट्टीचं दार उघडून पहिलं कुंकू आत लावायचे. म्हणून मी आत लावलं. आणि साखरेचा दाणा."

काट्यावरच्या लताबाई दारात उभ्या होत्या. "घ्या! मशीनला नैवेद्य चारला, पोट बिघडलं त्याचं."

कोणी हसलं नाही. लताबाई परत गेल्या.

साधना म्हणाली, "आतल्या ज्या भागाने टेप वाचतात, लिहितात, त्याच्यावर कुंकू बसलंय. दसऱ्यापासून लिहिलं ते सगळं असंच." कुंदनवर ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मला वाटलं.

योगेश आला. "साधनाताई, सोमवारी संचालक बसणार आहेत. सभासदांची यादीच नसेल तर चूक कोणाची, ते नाव मागतील. कोणाचं देऊ?" तो कुंदनकडे बघत नव्हता, म्हणजे त्याच्याविषयीच बोलत होता.

"सोमवार येऊ द्या," ती म्हणाली.

साफ करायची एक खास टेप असते, ती तिने दोनदा फिरवली. लालसर होऊन बाहेर आली. योगेश म्हणाला, आता घरची टेप घालून बघा. तिने ऐकलं नाही.

"ती एकच आहे. ह्याच्या आत अजून कण असले तर फीत खरवडून निघेल. मग काहीच राहणार नाही. दुसरं मशीन पाहिजे."

असं मशीन आता कोण वापरतं? तिने फोन केले. विंचूरला एका शीतगृहात होतं, बंद पडून होतं, पण स्वच्छ होतं. कुंदन मोटारसायकलवर गेला आणि टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून घेऊन आला. एका हाताने गाडी कशी चालवली ते त्यालाच ठाऊक.

तोवर ती घरी जाऊन टेप घेऊन आली होती. आईचं लुगडंही टेपबरोबर आलं होतं, टेप त्यातच होती. तिने लुगड्याची घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि कामाला लागली.

आधी तेही जमेना. टेपवर कुठे काय आहे याची यादी सर्व्हरवरच होती, ती डिस्कबरोबर गेली. त्यामुळे सर्व्हर म्हणे, ही टेप माझ्या ओळखीची नाही. मग सबंध फीत सुरुवातीपासून वाचून यादी नव्याने करायला लावली. फीत सरकत होती, आवाज येत होता. कुंदन दारात उकिडवा बसला होता. साधना पडद्याकडे बघत होती, पण तिच्या तोंडावर काळजी दिसत नव्हती. काहीच दिसत नव्हतं. मी उगाच चहा आणून ठेवला. तो तसाच निवला.

दुपार उलटल्यावर नोंदी उतरू लागल्या. संपलं तेव्हा तिने सवयीने आईचं खातं उघडलं. मी मागेच उभा होतो. नवसाबाईचा शेवटचा माल घट बसायच्या आधीच्या शनिवारचा, तीन जाळ्या झेंडू. खाली लिहिलं होतं, सभासदत्व: चालू.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि खातं बंद केलं.

कुंदनने गुडघ्यात डोकं घातलं.

सोमवारच्या बैठकीत संचालकांनी विचारलं, नकला बिघडल्या कशाने. ती म्हणाली, मशीनमध्ये घाण बसली आणि रिपोर्ट मी वाचले नाहीत. घाण कसली? धूळ, ती म्हणाली. योगेश टेबलाकडे बघत राहिला. जुनं सगळं परत आलेलं होतं, नंतरच्या पावत्या गोदामात कागदावर होत्या, म्हणून त्यांनी तिला चार शब्द सुनावले आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय कुंदनचा होता. तो कायम झाला.

त्यानंतर सगळ्या पावत्या पुन्हा भरायच्या होत्या. कुंदन वाचायचा, साधना टाइप करायची, मी वाचून झालेल्या बाजूला लावायचो. "मुंगसरा, पुंजा, कोथिंबीर." "पुढची." "आडगाव, सविता, शेवंती." "पुढची."

एक कागद कुंदनने वाचलाच नाही. हळूच गठ्ठ्याच्या खाली सरकवला.

"वाच," ती म्हणाली.

"ताई, हा योगेशसाहेब भरतील. मागच्या वेळीही त्यांनीच भरला होता."

"वाच, कुंदन."

त्याने कागद वर घेतला. "मखमलाबाद. नवसाबाई. मयत. वारस मुलगा राजू."

"तारीख?"

"दुसरी माळ, ताई."

"माळ नको. तारीख सांग."

त्याने सांगितली. तिने आईचं खातं उघडलं, तारीख टाइप केली, एकदा तपासली. लुगडं अजून खुर्चीच्या पाठीवर होतं.

"पुढची," ती म्हणाली.