आईनं केलेला गुळाचा पाक

आमची गाडी सुटायच्या आधी आईच निघून गेली. रोहण्यातल्या घरापुढं नागपूर विमानतळाला जाणारी गाडी उभी होती, माझा नवरा नितीन बॅगा चढवत होता. आईनं माझ्या हातावर दही ठेवलं न ठेवलं, तोच शेजारची सुमनकाकू धावत आली. नाल्याकाठी पुन्हा हातभट्टी लागली होती. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून दारू दुकानात मिळत नाही, नाल्याकाठी मिळते. आई गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष. तिनं पदर खोचला. "पोहोचली का फोन करजो. मले थांबता नाई येत," म्हणाली आणि बायकांच्या घोळक्यात दिसेनाशी झाली.

मला राग आला नाही. ती काऊन जाते, हे मला माहीत होतं. बाबा आर्वीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी ते फाटकाशी आले की आई मला म्हणायची, "जा, बाबाच्या गळ्यात पडून ये." मी पळत जायची, त्यांच्या शर्टात नाक खुपसायची, परत येऊन मान हलवायची. त्या मानेवरून आई ठरवायची, ताट वाढायचं की मला सुमनकाकूकडं झोपायला धाडायचं. मी अकरावीत असताना बाबा लिव्हरनं गेले. तेरावं झालं आणि आईनं मंडळ उभं केलं.

गावात राहिलेल्यांना हे सगळं ठाऊक आहे. पुढचं अर्धंच ठाऊक आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना कदाचित पुढचंच जास्त कळेल.

नितीनची नोकरी अमेरिकेत केंटकीला. तिथं बर्बन बनते, मक्याची व्हिस्की. मला तेव्हा एवढंही माहीत नव्हतं. पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. माझ्याशी आपणहून बोलणारी पहिली बाई म्हणजे शेजारची शेरिल. सत्तरीतली, नवरा गेलेला, घरात एकटी. तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं, दोन ग्लासांत थोडी थोडी बर्बन ओतली आणि नुसता वास घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, एकात करपलेली साखर आहे, दुसऱ्यात ओलं लाकूड. ती माझ्याकडं बघतच राहिली. असं नाक तिनं पाहिलं नव्हतं म्हणे. ते नाक कुठं तयार झालं, हे मी तिला सांगितलं नाही.

तिनं मला कॉकटेल करायला शिकवलं. दोन माप बर्बन, साखरेचा पाक, बिटर्स नावाच्या कडू अर्काचे दोन थेंब, बर्फाचा एकच मोठा खडा, वरून संत्र्याच्या सालीचा पीळ. मी साखरेऐवजी गूळ घातला. मग कधी सुंठ, कधी भाजलेली बडीशेप. पहिला घोट मी डोळे मिटून घेतला. पण खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. एक ग्लास, तोही पुरवून पुरवून. हळूहळू नितीनच्या ऑफिसातले लोक, मराठी मंडळातल्या जोड्या शनिवारी घरी यायला लागल्या. कोण काय घातलं विचारायचं, कोण लिहून न्यायचं. जिला त्या गावात कोणी ओळखत नव्हतं, तिच्या घरी लोक मागून बोलावणं घ्यायला लागले.

आमची लेक सई दोन वर्षांची झाली तेव्हा आई आली. ती आल्यापासून मी बाटली काढली नव्हती. पण त्या शनिवारचं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मला वाटलं, एकदा डोळ्यांनी पाहील तर तिला समजेल. सकाळी मी गूळ गॅसवर ठेवला, तेवढ्यात वरती सई रडायला लागली. तिला घेऊन खाली आले तर आईनं पाक पुरा केला होता. सुंठ घातली होती, पातळ कापडातून गाळला होता, संत्रीही सोलून ठेवली होती.

"सरबताचा पाक असाच लागते," ती म्हणाली. "किती जण येऊन राह्यले? आणखी करू का?"

परक्या घरात तिच्या हाताला पहिल्यांदा काम सापडलं होतं, चेहरा उजळला होता. मी पाहुण्यांचा आकडा तेवढा सांगितला.

संध्याकाळी ती सईला कडेवर घेऊन दारात आली, तेव्हा मी तिच्या पाकात बर्बन ओतत होते. ती तिथंच थबकली. वास दारापर्यंत गेला होता, जवळ यायची गरजच नव्हती. पाहुण्यांना तिनं नमस्कार केला, सईचं तोंड पदराखाली घेतलं आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "माह्या हातानं करून घेतलं तू."

"आई, इथं लोक एक ग्लास घेतात, गप्पा करतात, घरी जातात. कोणी पडत नाही."

"पडनारा साऱ्याइले दिसते, बाई. घरी वाट पाहनारी नाई दिसत." मग म्हणाली, "मले घरी पाठव."

नितीननं समजावलं, मी रडले. ती चिडली नाही, बोलणंही सोडलं नाही. सईला वरणभात भरवायची, माझ्या केसांना तेल लावायची आणि रोज विचारायची, तिकीट झालं का.

पुढच्या थंडीत मी सईला घेऊन रोहण्याला गेले. दुपारी ओसरीवर तूर निवडत बसलो होतो. रस्त्यावरून बायकांचा घोळका घोषणा देत नाल्याकडं निघाला. पुढं सुमनकाकू. आईचे हात क्षणभर थांबले. ती उठली नाही, मान खाली घालून निवडत राहिली. घोळक्यातली एक पोरसवदा सून आमच्याकडं बघत पुढं गेली. तिचा ओठ फुटलेला होता.

संध्याकाळी सुमनकाकूनं सांगितलं. आई परत आली तशी तिनं बैठक बोलावली, सगळ्या बायकांपुढं स्वतः सगळं सांगितलं आणि मंडळ सोडलं. "आमी लय समजावलं तिले. आयकतच नाई."

मी आईला विचारलं, "तू थोडीच प्यालीस? माझ्यासाठी त्या पोरींना काऊन सोडलं?"

"दुसऱ्याच्या घरात शिरून दारूचं भांडं फोडाले तोंड लागते," ती म्हणाली. "ते नाई राह्यलं आता."

"मी बंद करते."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "माह्यासाठी नको करू. तुह्या बापानंही माह्यासाठीच बंद केली होती. चारदा."

मी बंद केलं नाही. कमी झालं आहे. शेरिल थकली आहे, ती आली की तिला एक करून देते, कधी मीही घेते. चव तीच आहे, पण घोट घेताना ती फुटक्या ओठाची सून आठवते आणि ग्लास अर्धा राहतो. मी चूक केली का, हे मला अजून ठरवता येत नाही. आईचं खरं आहे, आणि त्या पहिल्या हिवाळ्यात मला माणसांत आणलं ते त्या ग्लासानं, हेही खरं आहे.

आई रोज फोनवर बोलते. सई काय जेवली, थंडी किती, सगळं विचारते. फक्त आमच्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या रविवारी सकाळी, ती फोन उचलत नाही. मी तरी लावते. तिकडं रिंग वाजत असते, ती ऐकत बसलेली असते, हे मला माहीत आहे. रिंग बंद होईपर्यंतचा तेवढा वेळ मी रोहण्यातल्या घरी असते.