विरूपाक्षआण्णाच्या चपला

माझी शाळा म्हणजे मुरगूडकडच्या खेड्यातली चौथी. पुढचं सगळं शिक्षण शिरोलीच्या फौंड्रीत झालं, आणि तिथला माझा सगळ्यात आवडता धडा म्हणजे विरूपाक्षआण्णा.

आण्णा गडहिंग्लजचा. फौंड्रीतल्या हत्यारखोलीची किल्ली त्याच्या कंबरेला असायची. पाना पाहिजे, हातोडी पाहिजे, हातमोजे पाहिजेत, तर जायचं आण्णाच्या खिडकीत आणि मान खाली घालायची. नुसतं "आण्णा, पाना द्या" म्हणून चालायचं नाही. "व्हय रे, बा लागतोय काय मी तुझा? नीट माग की!" असं ओरडायचा. मग परत मागायचं. पाठीमागची माणसं फिदीफिदी हसायची, आणि हसणाऱ्याची पाळी आली की त्याच्यावर बाकीचे.

त्याचा एक कायदा होता : जुनं दाखव, नवं घे. एकदा आमच्या जोतीराम फिटरचा हातमोजा भट्टीच्या तोंडावरच जळाला. पार राख झाली. जोतीराम नवा मागायला गेला.

"जुना कुठं हाय?"

"जळाला की आण्णा."

"मग राख आण जा."

राख कुठली आणतोय! बिचारा तसाच उघड्या हातानं कामाला भिडला आणि दोन बोटं भाजून घेतली. आण्णा खिडकीतून म्हणतो, "बघ, आता हातमोजा बसायचाबी न्हाय."

मग आलं पोर्टल. ऑफिसातल्या निशा मॅडमनी सगळ्यांना उभं करून समजावलं. संगणकावर कंपनीचं एक पान उघडायचं, ज्याला त्याला आपला नंबर आणि पासवर्ड. रजा तिथंच, पगाराची चिठ्ठी तिथंच, हत्यारंही तिथंच मागायची. मागणी पडली की आण्णाच्या टेबलावर टिंग वाजणार. त्यानं मंजूर दाबायचं, नाहीतर नामंजूर.

आम्हाला वाटलं, सुटलो. कुठलं काय! आण्णाला पोर्टल आमच्यापेक्षा जास्त आवडलं. "आता तुमची थोबाडंबी बघायला नकोत," म्हणाला, आणि मांडी घालून नामंजूर दाबत बसला. मॅडमनी मात्र त्याला बजावलं होतं, "आण्णा, कळ कुणी दाबली ते यात राहतं हं. विनाकारण अडवलंत तर ही खुर्ची राहायची नाही." त्या खुर्चीखेरीज आण्णाचं जगात होतं काय? घरी त्याची सूनसुद्धा त्याला विचारून चहा करत नव्हती.

त्या साली खंडेनवमीला आण्णानं हत्यारं धुऊन पुसून मांडली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. संगणकही हत्यारच की! पण बंद हत्याराची पूजा त्याला मानवेना. म्हणून पासवर्ड टाकून पोर्टल उघडलं आणि उजळलेल्या काचेवर गंध लावून वर झेंडूची माळ घातली. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात नाही, हा आपल्याकडचा रिवाज. त्यात आण्णा एकदम कडक.

दुपार कलली आणि भट्टीला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप फुटला. पाळीवर जोतीराम. त्यानं पोर्टलवर पाइपपान्याची मागणी टाकली आणि स्वतः खिडकीत पळत आला.

"आण्णा, भट्टी जाईल! पाना द्या!"

"पूजा झाली न्हवं? आज हत्यार उचललं तर वरीसभर रगात मागतंय. मी हात लावायचा न्हाय."

भट्टी गेली. आतलं अस्तर भाजून फुटलं, काम बंद पडलं.

दसऱ्यानंतर चौकशी लागली, तिथं आण्णा उपरणं नीट करून उभा राहिला. "साहेब, रिवाज हाय. मी कशालाच हात लावला न्हाय. मागणी आली का न्हाय, मला काय ठावं?"

निशा मॅडमनी पोर्टल उघडून पडदा त्याच्याकडं फिरवला. जोतीरामच्या मागणीपुढं लिहिलेलं : नामंजूर. दाबणारा विरूपाक्ष. टिंग वाजल्यावर गड्यानं माळ बाजूला सारून कळ दाबली होती. सवय हो! नाही म्हणायची चटक लागली की देव आडवा आला तरी माणूस थांबत नाही.

जोतीराम मागून म्हणाला, "आण्णा, हात लावायचा न्हवता न्हवं? मग नाकानं दाबलासा काय?"

साहेबसुद्धा हसले. आण्णाला त्याच दिवशी काढलं.

गेटवर त्यानं कंपनीचे बूट जमा केले, आणि मग आठवलं, आपल्या चपला हत्यारखोलीत टेबलाखाली राहिल्या. किल्ली आता जोतीरामकडं होती.

"जोतीराम, माझ्या चपला तेवढ्या दे बाबा."

"पोर्टलवर मागणी टाका की."

आण्णानं खरंच गेटवरच्या संगणकात नंबर टाकला, पासवर्ड टाकला. परत टाकला. पान उघडेना. काढल्या काढल्या मॅडमनी त्याचा नंबर बंद केला होता.

दसऱ्यानंतरचं ऊन, तापलेला डांबरी रस्ता. आण्णा एस.टी.च्या थांब्याकडं निघाला तो कोंबडीसारखा, एक पाय उचल, दुसरा टेक. आम्ही सगळे गेटवर गर्दी करून पोट धरून हसत होतो. जोतीरामनं हाक दिली, "आण्णा, हातमोजे देऊ काय पायात घालायला?"

आण्णा थांबला. वळला. डोळ्यांत पाणी होतं, आवाजही पार उतरलेला. म्हणाला, "दे की."

जोतीरामनं भाजलेली दोन बोटं वर केली.

"जुने दाखवा."