आमच्या ओट्यावरचा आवाजाचा मीटर

जासईकरांनो, आज जे घडलं ते लिहितो.

आज सकाळी इंजिनिअरिंगच्या दोन मुली आमच्या ओट्यावर आवाज मोजायचा मीटर घेऊन आल्या. त्यांचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. बंदराकडे कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरचा आवाज आपल्या घरांत किती येतो आणि तो कशाने कमी होईल, हे त्यांना शोधायचंय.

तासाभरात, हे ट्रेलर जिथून सुटतात त्या कंटेनर यार्डाचा सुपरवायझर दारात आला. "काका, हे काढायला सांगा. तुमचा मुलगा आमच्याकडेच कामाला आहे ना?"

तो गेला आणि रस्ता गप्प झाला. आकडा कमी यावा म्हणून ट्रेलर यार्डाच्या गेटाच्या आतच थांबवले होते.

बायको म्हणाली, "पोराची नोकरी गेली तं मीटर खाल काय?"

मी सातवी शिकलेला, जन्माचा घाबरट. मुली सामान आवरू लागल्या. "आजोबा, आकडा कमीच येतोय."

मी म्हणालो, "बसा गं. बंदरात मालाच्या बोटीची वेळ ठरलेली असते. गाड्या किती वेळ अडवतील?"

दुपारी दोनला सगळे ट्रेलर एकदम सुटले. हॉर्न, ब्रेक, खड्ड्यांत आपटणारे कंटेनर. मुलींनी आकडा वहीत लिहिला. खाली साक्षीदार म्हणून मी पूर्ण नावाने सही केली.

मुलाचं काय होईल, या विचाराने जेवण गेलेलं नाही. तरी मीटर उद्याही इथेच राहणार.

एका घरचा आकडा यार्डवाले खोटा ठरवतील. मुलींना अजून चार ओटे हवेत. कोण देतंय? नाव इथेच, सगळ्यांसमोर लिहा. मला वेगळा मेसेज नको.